सहीआधीचे दिवस

कळंब किंवा उमरग्याकडच्या एखाद्या मुलीने घरी सांगितले, की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात मला विमानाच्या कारखान्यात ट्रेनिंगला जायचे आहे, तर पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे पायलट होणार का?’ आणि लगेच दुसरा, ‘किती पैसे भरावे लागतील?’ या प्रश्नांत आई-वडिलांचा दोष नाही. विमान उद्योगाची आपल्याकडची ओळख विमानात बसणाऱ्यांकडून आणि विमान चालवणाऱ्यांकडून आली आहे. विमान बनवणारे, ठरलेल्या तासांनी ते उघडणारे, भिंगाखाली तडे शोधणारे, पुन्हा जोडून सही करून सोडणारे जे हजारो लोक आहेत, त्यांची गोष्ट आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत फारशी कोणी सांगितलेली नाही. हे पुस्तक त्या लोकांच्या हाताखाली काही महिने काम करायला निघालेल्या विद्यार्थ्यासाठी आहे, आणि त्याला तिथे पाठवायचे की नाही या विचारात असलेल्या घरासाठीही.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढची सगळी पाने तिच्यावर उभी आहेत. विमानाच्या हँगरमध्ये तीन किंवा सहा महिन्यांत कोणी विमान शिकत नाही. तेवढ्या वेळात विमान शिकता येत नाही आणि तशी अपेक्षाही कोणी ठेवत नाही. तिथे शिकायला मिळते ते हे, की केलेले काम लिहून ठेवायचे, न समजलेले काम थांबवायचे आणि कागदावर सही करण्याआधी त्या सहीचे वजन ओळखायचे. कॉलेजात सही म्हणजे जर्नलच्या शेवटी सरांकडून घ्यायची गोष्ट. हँगरमध्ये सही म्हणजे ‘हे मी केले, हे मी पाहिले, आणि यावर माणसे बसून आकाशात जाणार आहेत’ असे कबूल करणे. प्रशिक्षणार्थ्याला तो अधिकार नसतो. तो अधिकार मिळण्याआधीचे, दुसऱ्याच्या सहीखाली काम करण्याचे जे दिवस असतात, त्यांचे हे पुस्तक आहे.

धाराशिवला रेल्वे उशिरा आली, उद्योग त्याहून उशिरा. नीती आयोगाने आकांक्षित जिल्हे ठरवले तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत नंदुरबार, वाशिम आणि गडचिरोलीबरोबर आपले नाव होते. शहराजवळ धावपट्टी आहे, पण तिच्यावरून नियमित प्रवासी सेवा नाही. अशा जिल्ह्यात अभियंते मात्र चाळीस वर्षांपासून घडत आहेत. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच लाटेत इथे तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले आणि शेजारी सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. तुळजापूर-सोलापूर एसटीच्या फेऱ्यांनी किती मेकॅनिकल इंजिनिअर घडवले याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पदवी हातात आली की त्यातले बहुतेक पुण्याच्या चाकण, रांजणगावच्या वाहन कारखान्यांकडे गेले. ती वाट चांगलीच आहे. विमानाची वाटही तिथूनच जवळून जाते, हे मात्र त्यांना कोणी सांगितले नाही.

वालचंद हे नाव इथे ओघाने आले नाही. भारतात विमान बनवण्याचा पहिला कारखाना ज्यांनी काढला ते वालचंद हिराचंद दोशी सोलापूरचे. जन्म २३ नोव्हेंबर १८८२. १९३९ साली एका विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी व्यावसायिकाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होते. त्या ओळखीतून, म्हैसूर संस्थानाची जागा आणि भांडवल घेऊन, २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये तिथे जोडलेल्या पहिल्या हार्लो प्रशिक्षण विमानाची चाचणी झालीसुद्धा. युद्ध पेटलेले, यंत्रे समुद्रमार्गे येणारी, आणि विमान याआधी कधी न बनवलेले कामगार. त्या वेगाचा आजही अचंबा वाटतो. १९४२ मध्ये सरकारने कारखाना आपल्या ताब्यात घेतला, आणि १९६४ साली मिग विमानांसाठी काढलेल्या एरोनॉटिक्स इंडिया या सरकारी कंपनीशी विलीन होऊन त्याची हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजे आजची एचएएल झाली. सोलापूर भागातल्या मुलांना वालचंदांचे नाव कॉलेजच्या पाटीवर दिसते. त्या पाटीमागे बोटी, मोटारी आणि विमाने या तिन्हींचे कारखाने उभारणारा माणूस आहे, हे पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला सांगायला हवे असे मला मनापासून वाटते.

एचएएलचा महाराष्ट्रातला कारखाना नाशिकजवळ ओझरला आहे. तिथले लोक अजूनही त्या गावाला ‘ओझर मिग’ म्हणतात, कारण १९६४ साली तो कारखाना मिग-२१ साठीच उभा राहिला. काम तीन ठिकाणी वाटलेले होते: विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. मिग-२१ च्या एकामागून एक आवृत्त्या, मग मिग-२७, मग सुखोई-३०, असे साठ वर्षे ओझरने विमाने जोडली आणि त्यांची मोठी दुरुस्तीही केली. मिग-२१ ला हवाई दलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निरोप दिला. त्यानंतर महिनाही झाला नव्हता, तेव्हा १७ ऑक्टोबरला ओझरच्या नव्या मार्गिकेवर तयार झालेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले.

हा बदल प्रशिक्षणार्थ्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. मिग-२१ प्रामुख्याने ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, रिव्हेटने जोडलेले विमान होते. तेजसच्या सांगाड्याच्या वजनात जवळजवळ निम्मा भाग कार्बन फायबरच्या कंपोझिटचा आहे. रिव्हेट मारणारा हात आणि कंपोझिटचे थर तपासणारा डोळा ही दोन वेगळी कसबे आहेत, आणि दोन्ही येणारी पिढी आता लागणार आहे. तेजस मार्क-१ए च्या ८३ विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला आणि आणखी ९७ चा सप्टेंबर २०२५ मध्ये. विमाने ठरल्या वेळी मिळाली नाहीत याबद्दल हवाई दलाने जाहीर नाराजीही व्यक्त केली आहे. उशिराची कारणे अनेक आहेत, अमेरिकेहून येणाऱ्या इंजिनांचा त्यात मोठा वाटा आहे. पण कारखान्यातली कामे वेळेत व्हायला तयार माणसे लागतात, आणि माणसे तयार व्हायला इंजिनापेक्षा जास्त वर्षे लागतात.

ओझर म्हणजे रात्रभराचा एसटी प्रवास. नागपूर त्याहून लांब. तिथे मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी बांधलेले दुरुस्ती केंद्र २०१५ पासून चालू आहे. त्याच परिसरात बोइंग ७८७ साठी कंपोझिटचे फ्लोअर बीम, म्हणजे प्रवाशांच्या पायाखालच्या तुळया, बनवण्याचे काम टाटा समूहाच्या कारखान्याने केले. उमरगा, लोहारा, नळदुर्गच्या मुलांनी मात्र नकाशा जरा वेगळा धरावा. त्यांच्या दारावरून जाणारा पुणे-हैदराबाद महामार्ग त्यांना नाशिकपेक्षा कमी वेळात हैदराबादला पोचवतो. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि जुन्या पिढीची कामानिमित्त ये-जा हैदराबादलाच असे. आज त्या शहराभोवती, आदिबटला आणि शमशाबादच्या बाजूला, दाट विमान उद्योग उभा आहे. आदिबटलाच्या टाटा-बोइंग कारखान्यातून अपाची हेलिकॉप्टरचे सांगाडे २०१८ पासून बाहेर पडत आहेत. आणि बेळगावजवळच्या हत्तरगीत एकस कंपनीच्या वसाहतीत विमानाचे सुटे भाग घडवणे, यंत्रावर कापणे आणि त्यांच्या पृष्ठभागावर प्रक्रिया करणे ही कामे एकाच कुंपणात होतात. तिथल्या शॉपफ्लोअरवर कन्नडच्या बरोबरीने मराठी कानावर पडली तर नवल वाटायला नको.

आता एक गैरसमज, ज्यामुळे दर वर्षी काही मुले चुकीच्या दारात उभी राहतात. मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतलेला अभियंता आणि विमान देखभाल अभियंता, म्हणजे ज्याला सगळे एएमई म्हणतात तो, हे एक नव्हेत. प्रवासी विमानाचे काम संपल्यावर ‘हे विमान सेवेत सोडायला योग्य आहे’ अशी सही करण्याचा अधिकार पदवीने मिळत नाही. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा परवाना लागतो. बारावीला भौतिक, रसायन, गणित किंवा तत्सम पदविका, मग विषयवार परीक्षा, आणि चालू विमानांवर काम केल्याचा नोंदवलेला अनुभव, असा तो रस्ता आहे. यांत्रिक बाजूसाठी बी-१ आणि विद्युत-इलेक्ट्रॉनिक बाजूसाठी बी-२ अशा त्याच्या शाखा आहेत. पदवीधर अभियंता दुसऱ्या बाजूला असतो. तो डिझाइन, उत्पादन, गुणवत्ता, नियोजन, चाचणी या खात्यांत काम करतो. दोन्ही वाटा मानाच्या आहेत. पण कोणी ‘आमच्याकडे तीन महिन्यांची इंटर्नशिप करा, थेट विमानावर सही कराल’ असे सांगून पैसे मागत असेल, तर तिथून उठून यावे.

तसाच दुसरा फरक इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिपचा. इंटर्नशिप शिक्षण चालू असताना, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून. अप्रेंटिसशिप साधारणपणे शिक्षण संपल्यावर, शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खाली, करार करून आणि विद्यावेतन घेऊन. हा कायदा आधी आयटीआयच्या मुलांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी आणि पदविकाधारकही त्यात आले. ओझरचा कारखाना आयटीआय, पदविका आणि पदवी अशा तिन्ही प्रकारच्या शिकाऊ उमेदवारांसाठी जाहिरात देतो. शासकीय तंत्रनिकेतनाच्या मुलांना मी आवर्जून सांगेन, की इथे पदविका ही पदवीची धाकटी बहीण मानली जात नाही. शॉपफ्लोअरवर पदविकावाल्याचा हात बहुधा पदवीवाल्याच्या आधी बसतो.

हँगरमध्ये गेल्यावर पहिले काही दिवस विमानाला हात लावू दिला जात नाही, आणि बरीच मुले त्याने हिरमुसतात. त्या दिवसांत जे दाखवतात ते नीट पाहावे. हत्यारांचा फलक असतो. प्रत्येक पान्याच्या आकाराची सावली त्या फलकावर रंगवलेली असते, म्हणजे कोणता पाना जागेवर नाही हे दुरूनच दिसते. हत्यार घेताना आपल्या नावाचा बिल्ला त्या जागी लावायचा, काम झाले की हत्यार परत करून बिल्ला काढून घ्यायचा. एक जरी हत्यार परत आले नाही तरी विमान सोडत नाहीत. मग शिफ्ट संपलेली असो, बाहेर कितीही घाई असो, ते सापडेपर्यंत शोधतात. इंजिनच्या तोंडाशी राहिलेला एक स्क्रू किंवा पंख्याच्या पात्याशी विसरलेले फडके काय करू शकते हे ज्याला कळले, त्याला ही शोधाशोध जाचक वाटत नाही. टॉर्क रेंचवर कॅलिब्रेशनची तारीख चिकटवलेली असते. तारीख उलटून गेलेला रेंच कितीही नवा दिसत असला तरी वापरायचा नाही. आपल्या गॅरेजमध्ये नट ‘हाताच्या अंदाजाने’ आवळणाऱ्या उस्तादाचे कौतुक होते आणि त्या कसबाला मीही मान देतो. विमानात मात्र अंदाजाला जागा नाही, कारण तोच नट पुढच्या वेळी दुसऱ्या गावातला दुसरा माणूस सोडवणार असतो.

याच संदर्भात १० जून १९९० ची एक घटना प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याने मन लावून वाचावी. ब्रिटिश एअरवेजचे एक विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघाले. सतरा हजार फुटांवर असताना कॅप्टनच्या समोरची काच निखळून उडाली आणि दाबाच्या लोटाने कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत विमानाबाहेर ओढले गेले. कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले. सहवैमानिक ॲलिस्टर ॲचिसन यांनी विमान साउदॅम्प्टनला उतरवले. कॅप्टनसह सगळे वाचले. चौकशीत दिसले ते असे: ती काच आदल्या दिवशीच रात्रपाळीत बदललेली होती. ती धरून ठेवणाऱ्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट हवे त्यापेक्षा ०.६६ मिलिमीटरने बारीक होते आणि उरलेले सहा लांबीला कमी.

बोल्ट बदलणारा माणूस अडाणी नव्हता, आळशीही नव्हता. तो अनुभवी होता, त्या पाळीचा प्रमुख होता, आणि माणसे कमी म्हणून स्वतः कामाला लागला होता. त्याने जुना बोल्ट हातात घेतला आणि तसाच नवा शोधला. आपण हार्डवेअरच्या दुकानात जुना नट घेऊन जातो आणि ‘असाच द्या’ म्हणतो, अगदी तसेच. सुट्या भागांच्या पुस्तकात क्रमांक पाहिला असता तर चूक तिथेच कळली असती. त्याहून मनाला लागणारी गोष्ट वेगळीच आहे. स्टोअरमधल्या माणसाने त्याला सांगितले होते, की या कामाला दुसऱ्या मापाचे बोल्ट लागतात. त्याने ते ऐकून सोडून दिले. ०.६६ मिलिमीटरचा फरक नुसत्या डोळ्याला सहज दिसत नाही. पण स्टोअरकीपरचे वाक्य कानाला ऐकू आले होते.

ही घटना मी इतकी लांबवून सांगितली, कारण आपल्या शिक्षणातली उणीव ती नेमकी दाखवते. आपल्याकडे कार्यशाळेत पदवीधर आणि मदतनीस यांच्यात एक न दिसणारी भिंत असते. मुलगा चार वर्षे शिकून येतो आणि तीस वर्षे स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला ‘अहो काका, हा बोल्ट द्या’ एवढेच म्हणतो. त्या काकांना विचारायला हवे, की हाच का लागतो, दुसरा का चालत नाही. प्रशिक्षणातले सर्वांत मोलाचे ज्ञान मॅनेजरच्या केबिनमध्ये फार कमी असते. ते स्टोअरच्या खिडकीपाशी, तपासनीसाच्या टेबलावर आणि निवृत्तीला आलेल्या फिटरच्या चहाच्या सुट्टीत मिळते.

पुस्तकात शिकलेले काही विषय इथे अचानक जिवंत होतात. मशीन डिझाइनच्या पेपरात थकव्याचा, म्हणजे फटीगचा आलेख प्रत्येकाने काढलेला असतो. विमानाचा सांगाडा प्रत्येक उड्डाणात आतल्या दाबाने किंचित फुगतो आणि उतरताना पूर्ववत होतो. म्हणून त्याचे वय केवळ तासांत किंवा वर्षांत मोजून भागत नाही, फेऱ्याही मोजाव्या लागतात. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे पुढचे छत उडत्या विमानातून तुटून गेले आणि एक हवाई सेविका त्याबरोबर गेली. बेटाबेटांमधल्या छोट्या उड्डाणांनी त्या विमानाच्या ८९,६८० फेऱ्या झाल्या होत्या. रिव्हेटच्या ओळीत बारीक तडे एकमेकांना जाऊन मिळाले होते. विमानात चढताना एका प्रवासी बाईला दाराजवळ तडा दिसला होता, पण ती कोणाला बोलली नाही. त्यानंतर जगभर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम बदलले. आज हँगरमध्ये रंगद्रव्य लावून किंवा विद्युत प्रवाहाने तडे शोधण्याचे जे काम प्रशिक्षणार्थ्याला कंटाळवाणे वाटते, त्यामागे अशा घटनांची रांग आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची सर्वांत मोठी धास्ती असते इंग्रजीची. तिच्याबद्दल थोडे सविस्तर बोलू. विमानाच्या देखभालीची पुस्तिका इंग्रजीत असते हे खरे, पण ती वर्तमानपत्रातली किंवा कादंबरीतली इंग्रजी नसते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा मेकॅनिकला काम करताना घोटाळा होऊ नये, म्हणून युरोपातल्या विमान उद्योगाने १९८० च्या दशकात एक आखून दिलेली सोपी तांत्रिक इंग्रजी तयार केली. सर्वसाधारण शब्द सुमारे ९००, आणि शक्य तिथे एका शब्दाला एकच अर्थ. कृती सांगणारे वाक्य वीस शब्दांपेक्षा लांब नसावे आणि एका वाक्यात एकच सूचना असावी. ती भाषा ओझरच्या, हैदराबादच्या, फ्रान्सच्या आणि ब्राझीलच्या मेकॅनिकसाठी सारखीच आहे. भूमच्या जिल्हा परिषद शाळेतून आलेला मुलगा नेटाने बसला तर दोन महिन्यांत पुस्तिका वाचू लागतो. इंग्रजी बोलण्याची सराईत ढब येणे ही निराळी गोष्ट आहे आणि तिच्यावाचून या कामात काही अडत नाही. अडते ते ‘समजले नाही’ हे न बोलल्याने. ते मराठीत बोलले तरी चालते. बोलणे महत्त्वाचे.

ज्यांना यंदा विमान उद्योगात जागा मिळणार नाही, त्यांची संख्या मिळणाऱ्यांपेक्षा मोठी असणार, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांनी मान वर करून आपल्याच माळरानांकडे पाहावे. वाशी, भूम, कळंबच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. पवनचक्कीचे पाते आणि विमानाचा पंख एकाच शास्त्राने काम करतात: पृष्ठभागाच्या आकारामुळे वाऱ्याचा दाब दोन बाजूंना वेगळा पडतो आणि त्यातून ओढ निर्माण होते. पाते काचतंतू आणि राळेच्या थरांचे असते. थर सुटले आहेत का हे पाहायला नाण्याने ठोकून आवाज ऐकण्याची पद्धत विमानाच्या कंपोझिटलाही वापरतात. उंचीवर चढण्याची शिस्त, दोर आणि कुलपांचे नियम, प्रत्येक भेटीची नोंद, गिअरबॉक्सच्या तेलाची तपासणी, हे सगळे विमान देखभालीच्या फार जवळचे आहे. इथे सहा महिने मन लावून काम केलेला विद्यार्थी उद्या हैदराबादच्या मुलाखतीत कंपोझिटबद्दल स्वतःच्या अनुभवातून बोलू शकेल. आपल्या महाविद्यालयांनी पवनचक्क्यांच्या कंपन्यांशी अजून पुरेसे नाते जोडलेले नाही. ते जोडण्याचे काम विद्यार्थ्यांवर सोडू नये.

आणि प्रमाणपत्राबद्दल. इंटर्नशिप अभ्यासक्रमात आल्यापासून एक वाईट बाजार उभा राहिला आहे. घरी बसायचे, थोडे पैसे भरायचे आणि शिक्क्यासह प्रमाणपत्र मिळवायचे. काही ठिकाणी शिक्षकांना हे माहीत असते आणि गुण देऊन विषय मिटवला जातो. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो मी झाकणार नाही. ज्या क्षेत्राचा सगळा पाया खऱ्या नोंदीवर आहे, तिथे जाण्याची तयारी खोट्या नोंदीने करायची, यापेक्षा उलटी गोष्ट कोणती? विमान उद्योगातली मुलाखत प्रमाणपत्रावर थांबत नाही. ‘तुम्ही तिथे रोज सकाळी पहिले काम काय करत होता?’ एवढा एक प्रश्न पुरतो. खोट्या प्रमाणपत्रापेक्षा तुळजापूरच्या एखाद्या चांगल्या वर्कशॉपमध्ये लेथवर घालवलेला महिना शंभर पटीने मोलाचा आहे.

म्हणून या पुस्तकाचा मोठा भाग प्रशिक्षणाच्या वहीवर खर्च झाला आहे. रोज काय लिहावे: तारीख आणि पाळी, कोणाच्या हाताखाली, कोणते काम, कोणत्या पुस्तिकेनुसार, काय विचारले, काय उत्तर मिळाले, काय समजले नाही. शेवटचा रकाना कधी रिकामा सोडू नये. मात्र संरक्षण खात्याच्या कारखान्यात ड्रॉइंग, मोजमापे, विमानांची संख्या यांतले काहीही बाहेर न्यायचे नसते, आणि कॅमेऱ्याचा फोन सहसा दारातच ठेवावा लागतो. वहीत काय लिहिलेले चालेल हे पहिल्याच दिवशी सुपरवायझरला विचारून घ्यावे, आणि वही बाहेर नेण्याआधी त्यांना दाखवावी. महाविद्यालयांनी या वह्या गुण देऊन कपाटात न ठेवता पुढच्या तुकडीला वाचायला द्याव्यात. ज्याचा मोठा भाऊ किंवा मावशी या उद्योगात नाही, त्याला दुसरा वाटाड्या कुठून मिळणार?

घरच्यांसाठी खर्चाचे आणि राहण्याचे प्रकरण पुस्तकाच्या मागच्या भागात दिले आहे. ओझर किंवा शमशाबादला खोलीचे भाडे आणि मेस विद्यावेतनात भागेलच असे नाही. मुलींच्या आई-वडिलांनी वसतिगृह, रात्रपाळी आणि गाडीची सोय यांबद्दल कंपनीला थेट विचारावे. असे विचारण्यात संकोच वाटायचे कारण नाही.

शेवटी कागदपत्रे. विमानतळाच्या आतल्या भागात काम करायला प्रवेशपत्र लागते आणि त्यासाठी पार्श्वभूमीची पडताळणी होते. संरक्षण कारखान्यातही पोलीस पडताळणी मागतात. तिला वेळ लागतो, म्हणून निवडीचे पत्र आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा सगळे आधीच जमवून ठेवावे. आधार, गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवरचे नाव अक्षरन् अक्षर सारखे आहे का पाहावे. ‘श’ आणि ‘ष’ च्या किंवा वडिलांच्या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगच्या फरकाने अर्ज अडकू शकतो. आपल्या जिल्ह्याच्या मुलांना आणखी एक काळजी घ्यावी लागेल. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले, त्यामुळे एकाच मुलाच्या जुन्या दाखल्यावर उस्मानाबाद आणि नव्या दाखल्यावर धाराशिव असते. राज्याबाहेरच्या, विशेषतः हैदराबाद आणि बंगळूरच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला हे दोन जिल्हे वाटू शकतात. नामांतराच्या राजपत्राची एक प्रत फाइलमध्ये सर्वांत वर ठेवावी, आणि पडताळणीच्या अर्जात दोन्ही नावे लिहावीत.